कडबा कुणाच्या खात्यात?

५८ आणि ९००. गेली काही वर्षं हे दोन आकडे माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेले आहेत. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळानं २००६ साली देशोदेशीच्या सरकारांना हिशेबाची एक पद्धत घालून दिली. ज्या देशाकडे स्वतःची मोजमापं नाहीत त्यानं वापरावेत असे ठोक आकडे तिच्यात एका तक्त्यात दिलेत. भारतीय उपखंडातली दुभती गाय रवंथ करताना वर्षाला ५८ किलो मिथेन वायू बाहेर टाकते आणि ९०० किलो दूध देते, असं तिथे धरलंय. त्याच तक्त्यात उत्तर अमेरिकेतली गाय १२८ किलो मिथेन सोडते, पण दूध देते ८४०० किलो. भागाकार कुणीही करावा. आपल्याकडे किलोभर दुधामागे ६४ ग्रॅम मिथेन, तिकडे १५. म्हणजे आपली गाय चौपट वाईट. म्हशीचा आकडा वर्षाला ५५ किलो, म्हणजे तिचीही फारशी सुटका नाही.

मिथेन हवेत बारा-एक वर्षंच टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन धरलं तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तेव्हा हा भागाकार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्यात भाजक काय धरलाय ते बघा. फक्त दूध. बैल नाही, शेण नाही, आणि त्या गाईनं काय खाल्लं तेही नाही. अमेरिकेतली गाय मका आणि सोयाबीन खाते. आपल्याकडची खाते कडबा, सरमाडं, भाताचा पेंढा, सरकीची पेंड. माणसाच्या ताटातून, नाहीतर तेलाच्या घाण्यातून उरलेलं. या फरकावरून आपल्या देशात शंभराहून जास्त वर्षं भांडण चाललंय, आणि ते भांडण मला आजच्या कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त शिकवून गेलं.

माझं माहेर निपाणीकडचं, सासर बडोद्याचं. दोन्हीकडे तंबाखू, दोन्हीकडे म्हशी. बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर आणंद, त्याभोवती चरोतरचा तो सुपीक पट्टा. त्यामुळे दुधाचा इतिहास वाचायला मला लांब जावं लागलं नाही. पण सुरुवात आणंदापासून करून चालणार नाही.

जॉन ऑगस्टस व्हॉल्कर नावाचे शेतीरसायनाचे इंग्रज तज्ज्ञ १८८९ साली इकडे आले, वर्षाहून जास्त काळ हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल छापून आला. भारतातल्या शेतकऱ्याला शेतीतलं कळत नाही, हे साहेबाचं पालुपद त्यांनी खोडून काढलं, म्हणून त्यांचं नाव आजही घेतात. मला त्यांचं दुसरं म्हणणं महत्त्वाचं वाटतं. शेण जळतंय, शेतात जात नाही, आणि ते जळतं कारण बाईला चुलीत घालायला दुसरं काही मिळत नाही. उपाय म्हणून त्यांनी सरपणाची झाडं लावायला सांगितली. गुराचं कार्यक्षम असणं-नसणं हे एकट्या गुरावर नसतं, घरात लाकूड आहे की नाही त्यावरही असतं, हे या गृहस्थांना तेव्हाच दिसलं होतं.

पुढे १९२८ साली लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाचा अहवाल आला. त्यातलं गुरांवरचं प्रकरण काढून वाचण्यासारखं आहे. आयोगाचं म्हणणं थोडक्यात असं : गावात गुरं किती असावीत हे बैलांच्या गरजेवर ठरतं. चारा कमी असला की बैल खुरटे निपजतात. खुरट्या बैलांनी नांगरट भागत नाही म्हणून माणूस आणखी बैल ठेवतो, त्यासाठी आणखी गाई ठेवतो. मग आहे तो चारा आणखी पातळ वाटला जातो आणि पुढची पिढी त्याहून खुरटी. हे चक्र कुणाच्या श्रद्धेवर नाही, चाऱ्यावर चालतं, असा त्याचा रोख. दूध हे त्या हिशेबात मुख्य पीक नव्हतंच. गाय ठेवायची ती बैलासाठी. दूध म्हशीचं.

आणि शहरात? मुंबईच्या तबेल्यांची कथा दुधाच्या इतिहासात कडेला लिहिली जाते, मी ती मध्ये ठेवीन. काठेवाड, गुजरात आणि उत्तरेतून चांगल्यातल्या चांगल्या ताज्या व्यालेल्या म्हशी आगगाडीनं मुंबईत यायच्या. शहरात जागा महाग, वैरण महाग. दूध आटलं की भाकड म्हैस पुढच्या वेतापर्यंत पोसणं परवडायचं नाही, म्हणून ती खाटकाकडे. रेडकू तर त्याआधीच उपाशी मरायचं, कारण ते पिईल ते दूध विकता आलं असतं. म्हणजे देशातल्या उत्तम दुधाळ म्हशी वेचून आणायच्या आणि एका वेतात संपवायच्या. गायी-म्हशींवर होणाऱ्या फुंक्याच्या क्रूर प्रकारामुळे गांधीजींनी त्यांचं दूध सोडलं होतं, हे आपल्याला पाठ असतं. या वेचून संपवण्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तबेले शहराबाहेर न्यायचे म्हणून १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली.

आमच्या लोकांचा दुधाशी संबंध जरा गुंतागुंतीचा. मांस नाही, अंडं नाही, कंदमूळ नाही, पण दूध आहे. देवळात पंचामृताच्या अभिषेकाला दूध आहे. जुन्या घरांतून नियम असा, की धार काढल्यापासून दोन घटकांत, म्हणजे ४८ मिनिटांत, दूध गाळून तापवलं पाहिजे. तो नियम पाळायचा तर म्हैस दारात नाहीतर शेजारी तरी हवी. दूध हा शेजारचा पदार्थ होता, असं त्या नियमातच गृहीत आहे. माझ्या आजेसासूबाई डेअरीचं दूध शेवटपर्यंत प्यायल्या नाहीत. ‘कुणाचं, कधीचं, काय ठाऊक,’ एवढंच म्हणायच्या.

दुसऱ्या महायुद्धात नेमका हाच धागा तुटला. मुंबईला दूध कमी पडायला लागलं, तेव्हा १९४५ साली सरकारनं मुंबई दूध योजना काढली. चारशेहून जास्त किलोमीटरवरच्या आणंदहून दूध आणायचं आणि ते पुरवायचं काम पोल्सन कंपनीकडे. पेस्तनजी एदलजी दलाल यांची ही कंपनी कॉफी आणि लोण्यासाठी प्रसिद्ध. खेड्यातून दूध गोळा करायचा हक्क एकट्या पोल्सनला मिळाला आणि शेतकऱ्याच्या हाती पडायचा तो ठेकेदार देईल तो भाव. सरदार पटेलांकडे तक्रार गेली, त्यांनी मोरारजी देसाईंना पाठवलं. ४ जानेवारी १९४६ रोजी सामरखा गावात सभा झाली, मग पंधरा दिवस दूध मुंबईला गेलं नाही. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. १९४८ साली काम सुरू झालं तेव्हा दिवसाला जेमतेम अडीचशे लिटर. पुढच्या वर्षी वर्गीस कुरियन आणंदला आले. ही कथा आपल्याला सिनेमासकट माहीत आहे, तेव्हा आवरतं घेते.

पर्यावरणाच्या दृष्टीनं मला त्यातली भुकटीची गोष्ट मोठी वाटते. म्हैस हिवाळ्यात भरपूर देते, उन्हाळ्यात आटते. मुंबईची तहान मात्र बाराही महिने सारखीच. हिवाळ्यातल्या जास्तीच्या दुधाचं काय करायचं? जगातले दुग्धतज्ज्ञ म्हणत, म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही. हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी नेहरूंच्या हस्ते आणंदच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. हिवाळ्याचं दूध उन्हाळ्यात वापरता यायला लागलं, नासाडी थांबली. पण किलोभर भुकटीसाठी मलई काढलेलं दहा-अकरा लिटर दूध आटवावं लागतं. एवढं पाणी कोळसा जाळून उडवायचं आणि शहरात नळाखाली परत घालायचं. नासाडी वाचते आणि इंधन लागतं. दोन्ही एकाच यंत्रात. त्याआधी १९४६ साली मुंबईत दारा खुरोडी यांनी ‘टोन्ड’ दूध काढलं होतं. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि मलईविरहित भुकटी घालून स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणायचा, म्हणजे तेवढ्याच म्हशींत जास्त घरं भागतात. आमच्याकडे या दुधाला अजूनही ‘पाणी घातलेलं’ म्हणतात. वाईट म्हणावं असं मला त्यात काही दिसत नाही.

१९६४ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री कंजरीच्या पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनाला आले, अजरपुरा गावात रात्रभर मुक्काम केला आणि हे आणंद देशभर करा म्हणाले. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ झालं, १९७० साली ‘ऑपरेशन फ्लड’. युरोपात तेव्हा दुधाच्या भुकटीचे आणि लोण्याचे ढीग साचले होते. जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत पहिल्या टप्प्यात १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल भेट म्हणून येणार होतं. तेवढं दूध शहरांत विकायचं आणि त्या पैशातून दूधसंघ उभे करायचे.

आणि याच काळात भांडणाला खरं तोंड फुटलं. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ साली मांडलं, की गाय न मारणं हा हिंदूंचा वेडेपणा नाही, त्याला पर्यावरणाचं गणित आहे; नांगर, शेण आणि टाकाऊ चारा. आपल्याकडच्या अनेकांना हे ऐकून बरं वाटलं. बरं वाटलं नाही ते पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकरांना. त्यांनी १९६९ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त या मांडणीचा समाचार घेतला. गुरं गरजेपेक्षा जास्त आहेत आणि ती आपण अर्धपोटी ठेवतो, याला शहाणपण म्हणू नका, असा त्यांचा सूर. मला दांडेकरांचा तो कोरडेपणा आवडतो. श्रद्धेचं कौतुक परदेशी माणसानं केलं की आपण विरघळतो, ते विरघळले नाहीत.

मग १९७२ साली स्ट्युअर्ट ओडेंडहाल यांचा अभ्यास आला. पश्चिम बंगालातल्या सिंगूरची गुरं काय खातात आणि काय देतात ते त्यांनी मोजलं. हेच सिंगूर पुढे मोटारीच्या कारखान्यावरून गाजलं. खाल्लेल्या चाऱ्यातल्या ऊर्जेपैकी १७ टक्के ऊर्जा काम, दूध आणि मुख्य म्हणजे जळणाच्या शेणाच्या रूपानं माणसाच्या उपयोगी पडते, असं त्यांचं गणित निघालं. अमेरिकेतल्या कुरणावरच्या मांसाच्या गुरांचा आकडा त्यांनी ४ टक्के धरला होता. बघा, भाजक बदलला की चौपट वाईट असलेली गाय चौपट चांगली होते! मी दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून ठेवलेत. पण सिंगूरच्या १७ टक्क्यांत शेण जाळणं जमेच्या बाजूला आहे, आणि व्हॉल्करनं ऐंशीएक वर्षं आधी तेच नुकसानीत धरलं होतं. शिवाय त्या धुरात कोण बसतं, हे या पुरुषांपैकी कुणीच हिशेबात घेतलं नाही.

‘फ्लड’वर टीका व्हायला १९८० नंतर जोर आला. गोव्यात राहणाऱ्या क्लॉड अल्वारिस यांनी १९८३ साली ‘इलस्ट्रेटेड वीकली’त लांबलचक लेख लिहून सगळ्या प्रकल्पाला खोटं ठरवलं, देणगीच्या भुकटीवर शहरं पोसली जातात, आणि संकरित गाई गावचा चारा-दाणा खातात, असे आरोप. पुढच्या वर्षी लक्ष्मीकांत झा समितीनं प्रकल्पाची तपासणी करून अहवाल दिला. १९८५ साली शांती जॉर्ज यांचं पुस्तक आलं आणि माझ्या मते या सगळ्यांत खोल विचार त्यांचाच. परदेशी रक्ताची जास्त दुधाची गाय आपल्या चाऱ्यावर उभी राहात नाही, तिला पेंड आणि धान्य लागतं; मग ती माणसाच्या अन्नाशी स्पर्धा करायला लागते. म्हैस मात्र काडीकचऱ्यावर दाट दूध देते.

पण चाळीस वर्षांनी मागे वळून बघताना टीकाकारांनाही काही आकडे गिळावे लागतात. १९५१ साली देशात सुमारे १५ कोटी ५० लाख गाईबैल आणि ४ कोटी ३० लाख म्हशी होत्या. दूध १ कोटी ७० लाख टन. २०१९ च्या गणनेत गाईबैल १९ कोटी २५ लाख, म्हशी ११ कोटींच्या आसपास. आणि २०२३-२४ साली दूध जवळपास २३ कोटी ९० लाख टन. गुरं दीडपट, दूध चौदापट. म्हणजे लिटरमागचा मिथेन उतरलाय, भरपूर उतरलाय. एकूण मिथेन मात्र गुरांच्या संख्येसोबत चढलाय. अमेरिकेत १९४४ साली अडीच कोटीहून जास्त दुभत्या गाई होत्या, २००७ साली एक कोटीच्या आत आल्या आणि दूध मात्र वाढलं. तिकडे एका लिटरमागचा कार्बनचा भार त्या काळात ३७ टक्क्यांवर आला, असा हिशेब झालेला आहे. गुरं कमी करून हे साधलं. जास्तीची गुरं कुठे गेली ते सांगायला नको.

आपल्याकडचा पेच इथेच आहे. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ काढली, गोठवलेलं वीर्य गावोगाव पोहोचलं, जर्सी आणि होल्स्टिनची संकरित कालवड दारात आली. रोजचं आठेक लिटर, गावरान गाईच्या दुपटीहून जास्त. पण तिच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, तो जुवाला नीट लागत नाही, उन्हात दमतो. आणि ट्रॅक्टर आल्यावर वशिंड असलेलाही नको झाला. शाही आयोगाचं ते चक्र, ज्यात सगळं बैलासाठी होतं, ते उलटं फिरलं. २०१९ च्या गणनेत १९ कोटी २५ लाखांतल्या माद्या साडेचौदा कोटी. नर उरतात पावणेपाच कोटीच. निसर्गात तर दोन्ही सारखेच जन्मतात. बाकीचे गेले कुठे? हॅरिस यांनी केरळातल्या शेतकऱ्यांबद्दल लिहिलंय, की नको असलेलं वासरू ते मारत नाहीत, त्याचं दूध तोडतात, आणि ते मरतं. रेडकाचं तर विचारूच नका.

आणंद जिल्ह्यातल्या एका गावात मी एका बाईंच्या गोठ्यात बसले होते. सहा म्हशी, एक संकरित गाय. पहाटे चारला उठणं, वैरण कापणं, आंबोण, धार, मंडळीवर दूध घालणं, शेण, परत संध्याकाळी तेच. पास-बुकावर नाव त्यांचंच होतं, हे मला आवडलं. दावणीला एकही नर दिसला नाही. मी विचारलं, ‘बेन, पाडा कुठे?’ त्या कडब्याच्या पेंढीचा आळा सोडत म्हणाल्या, ‘पाडा जगत नाही.’ जगवत नाही, असं म्हणाल्या नाहीत. मीही पुढे विचारलं नाही.

गुजरातेत महाजनांच्या पांजरपोळी शतकानुशतकं आहेत आणि आमच्या लोकांनी त्यांना सढळ हातानं दिलंय. पण पांजरपोळीत काय असतं? भाकड, म्हातारी, लंगडी, आंधळी. दूध शून्य, मिथेन चालूच. आयपीसीसीच्या तक्त्यात दूध न देणाऱ्या भारतीय गुराचा आकडा वर्षाला २७ किलो आहे. करुणेलाही वायू असतो. कुणी म्हणेल असं बोलू नये. पण जो समाज दूध पितो आणि कत्तल नको म्हणतो, त्यानं या जनावरांचा मिथेन आणि चारा दुधाच्याच खात्यात मांडला पाहिजे, दानाच्या नाही. तसा मांडला तर आमचं लिटर अमेरिकेच्या लिटरापेक्षा महाग पडतं, आणि पडू दे. ज्याला अहिंसक दूध हवंय त्यानं लिटरमागे वीस वर्षांची वैरण मोजावी. एवढं परवडत नसेल तर ताटातलं दूध निम्मं करावं. नुसती पांजरपोळीची पावती फाडून हे सुटत नाही.

दुसऱ्या बाजूनं बरंच काही हलतंय. दुग्धविकास मंडळानं हजारो गावांत गुराच्या वजनाप्रमाणे खाद्य संतुलित करून दिलं तेव्हा लिटरमागचा मिथेन दहा-पंधरा टक्क्यांनी उतरला, आणि तो कुठलीही परदेशी गाय न आणता. आणंदजवळच्या जकरियापुरात बायकांच्या दारात गोबरगॅस बसला. चुलीला गॅस मिळतो आणि उरलेली स्लरी विकता येते. व्हॉल्करचं शेण एकदाचं चुलीतही आणि शेतातही जायला लागलं.

आणि आता लिंगनिवडीचं वीर्य आलंय. दहांतल्या नऊ वेळा कालवडच, सरकार त्याला अनुदान देतंय. पाडा जन्मालाच येणार नाही, म्हणजे उपाशी मारण्याचा प्रश्न नाही. आमच्याकडच्या एका साध्वीजींना मी हे सांगितलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, ‘आणि त्या सगळ्या कालवडी म्हाताऱ्या होतील तेव्हा?’ पाच-सहा वेतं झाल्यावर गाय दूध थांबवते. त्यानंतर ती आणखी आठ-दहा वर्षं जगू शकते. देशात वैरणीच्या पिकाखाली जमीन आहे ती लागवडीच्या जेमतेम चार टक्के, आणि गायरानं तर कधीच गेली.